कॉर्व्हेल कुठल्या खोलीत बसणार?

आई म्हणते, माझ्यात एकच खोड खरी वाईट आहे. आनंद झाला की मला तो पोटात ठेवता येत नाही. बाकीच्या खोडी ती चालवून घेते.

फेब्रुवारीतल्या एका रविवारी चर्च सुटल्यावर मी आणि माझा भाऊ कॉर्व्हेल नदीच्या बांधावर गेलो होतो. वर खडीचा सरळ रस्ता, एका अंगाला मिसिसिपी, दुसऱ्या अंगाला उसाची रिकामी शेतं. मी सहा वर्षांची होते तेव्हापासून तो तिथे चेंडू फेकतो आणि मी झेलते. त्या दिवशी तो म्हणाला, "चिंगळी, चाळीस यार्ड पळतो. वेळ घे."

चार पूर्णांक चौतीस सेकंद.

मला वाटलं माझा अंगठा चुकला. मी त्याला पुन्हा पळवलं, एका हातात घड्याळ आणि दुसऱ्यात फोनचा कॅमेरा धरून. पुन्हा चार चौतीस! व्यावसायिक अमेरिकन फुटबॉलमध्येसुद्धा असे पळणारे बोटांवर मोजता येतील. मी नुकतीच शाळेच्या चारशे मीटरच्या संघात निवडले गेले होते आणि जानेवारीपासून मला जगातली प्रत्येक गोष्ट जमते असंच वाटत होतं. मी व्हिडिओ टाकला. त्यात माझा किंचाळण्याचा आवाज होता, खाली त्याच्या कॉलेजचं नाव होतं, आणि वर मी लिहिलं होतं, "लुईझियानातला सगळ्यात वेगवान क्वार्टरबॅक! पकडून दाखवा!"

तीन दिवसांत चार लाख लोकांनी तो पाहिला.

बुधवारी संध्याकाळी आम्ही मागच्या अंगणात वर्तमानपत्र पसरून उकडलेले क्रॉफिश, म्हणजे गोड्या पाण्यातले शेवंडे, खात होतो. मी पॉपॉंना, म्हणजे माझ्या आजोबांना, फोन दाखवला. त्यांनी पूर्ण पाहिला. मग हातातला क्रॉफिश न सोलताच खाली ठेवला.

"हे कुणी टाकलं?"

"मी!" मी खुर्चीवरून जवळजवळ उडीच मारली.

पॉपॉंनी कॉर्व्हेलकडे पाहिलं. कॉर्व्हेलने आईकडे. आईने मक्याच्या कणसाकडे.

"पोरी," पॉपॉ म्हणाले, "तू त्याचे पाय बाजारात मांडलेस."

मला कळेना. माझा भाऊ क्वार्टरबॅक आहे. म्हणजे प्रत्येक डावाला चेंडू आधी त्याच्या हातात येतो आणि पुढे काय करायचं ते तो अडीच सेकंदांत ठरवतो. समोरचे अकरा जण काय करणार हे ओळखायचं, आपल्या दहा जणांना कामाला लावायचं, आणि अंगावर दीडशे किलोचा माणूस धावून येत असताना हात थरथरू द्यायचा नाही. आमच्या छोट्याशा कॉलेजात त्याने चार वर्षं हे केलं. असा मुलगा वर वेगवानही असेल तर चांगलंच ना?

"ज्याचं नाव टॅनर असतं आणि कातडी गोरी, त्याच्यासाठी चांगलं," पॉपॉ म्हणाले. "आपल्या काळ्या पोराचा वेग दिसला की त्यांना बाकीचं काही दिसत नाही. म्हणतात, याला पळू दे, झेलू दे. विचार करायला दुसरं कुणीतरी आहे."

मग त्यांनी ती गोष्ट सांगितली. मी पंधरा वर्षांत एकदाही ऐकली नव्हती. एकाहत्तर साली पॉपॉ याच कॉलेजचे क्वार्टरबॅक होते. एका व्यावसायिक टीमने त्यांना निवडलं. दोन दिवसांच्या बसप्रवासात त्यांनी टीमचं डावांचं अख्खं पुस्तक पाठ केलं. सराव शिबिराच्या दारात एक माणूस यादी घेऊन उभा होता. तो म्हणाला, खोली नंबर चार.

"क्वार्टरबॅकच्या बैठकीची खोली होती दोन नंबर. चार नंबरमध्ये बचावातली पळणारी पोरं. मी म्हटलं, सर, काहीतरी चूक झालीय. तो हसला. म्हणाला, इतके छान पाय असताना डोक्याला कशाला त्रास देतोस, पोरा?"

"मग?"

"मग मी चार नंबरमध्ये बसलो. तीन वर्षं. गुडघे गेले तेव्हा घरी आलो." त्यांनी क्रॉफिश परत उचलला. "तू क्वार्टरबॅक नाहीस असं मला कुणी म्हटलंच नाही, डेल्फीन. म्हटलं असतं तर भांडलो तरी असतो. त्यांनी फक्त खोली दाखवली."

म्हणूनच डिसेंबरमध्ये घरात ठरलं होतं. मार्चमध्ये कॉलेजवर टीम्सचे स्काउट, म्हणजे खेळाडू हेरणारे, चाचणी घ्यायला येतील तेव्हा कॉर्व्हेल फक्त चेंडू फेकेल. पळणार नाही. कितीही आग्रह झाला तरी. हे सगळ्यांना माहीत होतं, मला सोडून. मला सांगितलं असतं तर मी गावभर केलं असतं म्हणे.

"मी काढून टाकते," मी म्हटलं. "आत्ता काढते."

"चार लाख लोकांच्या डोक्यातून कसा काढशील?" कॉर्व्हेल म्हणाला. तो चिडला असता तर बरं झालं असतं. तो नुसता हसला आणि त्याने माझ्यापुढे सोललेल्या शेपट्यांची वाटी सरकवली. मी एकीलाही हात लावला नाही.

पुढचे तीन आठवडे मला एका जागी बसवत नव्हतं. गणिताच्या तासाला मी बाकाखाली गुडघा इतका हलवायचे की पुढच्या बाकावरचा मुलगा वळून म्हणायचा, "भूकंप थांबव, बाई." रोज शाळा सुटली की आम्ही बांधावर जायचो. बारा पावलं सरळ, मग झटकन बाहेर. आठ पावलं, मग आत. कॉर्व्हेल डाव पुकारायचा, मी पळायचे.

चाचणीच्या दिवशी मी शाळेला दांडी मारली. म्हणजे आईच्या सहीचं पत्र होतं, सही खरी होती, फक्त तिला इस्पितळात ड्युटीवर जायची घाई असताना घेतलेली होती.

आमच्या कॉलेजात दरवर्षी चार स्काउट येतात. या वेळी एकोणीस आले. वाहनतळावर भाड्याच्या गाड्यांची रांग पाहून आमचे कोच रुमालाने डोळे पुसत होते. ही माझी करामत! क्षणभर मला पुन्हा उडी मारावीशी वाटली. मग मी दारावर लावलेली यादी वाचली.

टॅनर वायगेल, क्वार्टरबॅक.

कॉर्व्हेल रॉबिचो, रिसीव्हर.

रिसीव्हर म्हणजे क्वार्टरबॅकने फेकलेला चेंडू पळत जाऊन झेलणारा. पॉपॉंनी यादी वाचली, चष्मा काढला, पुसला आणि पुन्हा वाचली. "खोली नंबर चार," ते म्हणाले आणि काठी टेकत बाकांकडे गेले.

टॅनर चाळीस मैलांवरच्या कॉलेजचा गोरा मुलगा, चाचणीपुरता आमच्याकडे आलेला. खरं सांगायचं तर मला त्याचा राग येईल अशी माझी फार इच्छा होती, पण तो सगळ्यांच्या पाण्याच्या बाटल्या भरून देत होता. तो चाळीस यार्ड चार अठ्ठावन्नमध्ये पळाला. स्काउट खूश.

"डोकं तर आहेच, वर पायही आहेत!" निळ्या टोपीतला एक जण म्हणाला. हा निळी टोपी तिशीतला होता आणि तिथे सगळे त्याच्या अवतीभोवती होते. त्याच्या मागे त्याच्याच टीमचा एक म्हातारा स्काउट फोल्डिंग खुर्ची काखेत घेऊन चालत होता. आमच्यासारखा काळा, पांढऱ्या मिशांचा. मिस्टर लोव्हेट.

"आता तो बांधावरचा घोडा कुठे आहे?" निळी टोपी म्हणाली.

कॉर्व्हेल पुढे आला. "गुड मॉर्निंग, सर. मी पळणार नाही. मी फेकणार आहे."

"अरे, चार लाख लोकांसाठी पळतोस, आमच्यासाठी नाही?"

सगळे हसले. माझे कान इतके तापले की त्यांच्यावर पोळी भाजली असती.

"मी क्वार्टरबॅक आहे, सर. मला फेकताना बघा."

"बघू की. शेवटी."

शेवटी म्हणजे शेवटीच. फेकणाऱ्याला झेलणारे लागतात, म्हणून कॉर्व्हेलने त्याचे दोन मित्र आणले होते, मॉन्ट्रेल आणि डाशियल. निळ्या टोपीने दोघांनाही आधी टॅनरसाठी पळवलं. दहा, वीस, चाळीस वेळा. आमच्याकडे मार्चमध्येही अकरा वाजता हवा अंगाला चिकटते. मॉन्ट्रेलच्या पोटरीत गोळा आला आणि तो गवतावर लोळायला लागला. डाशियल कुंपणाकडे जाऊन ओकला.

"अजून दहा फेकी राहिल्यात," निळी टोपी म्हणाली आणि कॉर्व्हेलकडे वळली. "तू मोकळाच आहेस. जरा टॅनरचे झेल बघू."

माझ्या शेजारी पॉपॉंनी काठी लाकडी बाकावर आपटली. कॉर्व्हेलने झेलले असते तर सगळे सुरेख झेलले असते. तेच तर दुखणं होतं.

"नाही, सर," तो म्हणाला.

"नाही?"

"नाही, सर. मी फेकायला आलोय."

निळ्या टोपीने वहीत काहीतरी लिहिलं. ते मला दिसलं नाही, पण ते काय असेल हे आमच्या गावातलं कुणीही सांगेल. अरेरावी. सांगितलेलं ऐकत नाही.

"ठीक आहे," तो म्हणाला. "टॅनर, आपण थांबू. रॉबिचो, तुझी पाळी. फेक." त्याने रिकाम्या मैदानाकडे हात केला. "अरे, पण झेलणारं कुणीच नाही. वाईट झालं. चला, जेवायला."

आणि माणसं खरंच उठायला लागली. वह्या मिटल्या, टोप्या सरळ झाल्या. कॉर्व्हेल चेंडू हातात धरून उभा. मी कुंपणावरून उडी मारली. स्कर्ट तारेला अडकून टराटरा फाटला.

"मी झेलते!"

एकोणीस स्काउट थांबले. एक जण हसून इतका खोकला की दुसऱ्याने त्याची पाठ थोपटली.

"ही कोण?"

"त्याची बहीण आहे, सर. नऊ वर्षं यानेच फेकलेलं झेलतेय. चाळीस यार्डांना मला सहा सेकंद लागतात, पण मला याच्या सगळ्या डावांतली पावलं पाठ आहेत."

"डेल्फीन," कॉर्व्हेल दातांतून म्हणाला, "घरी जा."

"तूच घरी जा."

मॉन्ट्रेलने लोळता लोळताच आपले हातमोजे काढून माझ्याकडे फेकले. ते मला कोपरापर्यंत आले. टॅनर पुढे झाला, म्हणाला, "चेंडू मी देतो," आणि पायांमधून चेंडू मागे द्यायला कॉर्व्हेलच्या पुढ्यात वाकला.

"पाच मिनिटं," निळी टोपी म्हणाली. "करमणूक म्हणून."

कॉर्व्हेलने माझ्याकडे पाहिलं. मग त्याचा चेहरा बदलला. बांधावर असतो तसा झाला. त्याने डाव पुकारला आणि मी सुटले. बारा पावलं, झटकन बाहेर, मान वळवली, आणि चेंडू माझ्या छातीवर! मी वळायच्या आधीच तो निघालेला होता. दुसरा. तिसरा. चौथा माझ्या करंगळीवर बसला आणि करंगळी लगेच सुजली. मी ती तोंडात घातली आणि परत रांगेत उभी राहिले. सहाव्या फेकीला हसणं थांबलं. आठव्या फेकीच्या सुमाराला निळी टोपी फोनवर बोलत जेवायला निघून गेली, तिच्यामागे बरेच जण. मी मोजलं नाही. मला श्वास पुरत नव्हता.

शेवटी मी गवतावर पालथी पडले तेव्हा सहा स्काउट उरले होते आणि त्यातला एक माझ्या डोक्याशी येऊन उभा राहिला. फोल्डिंग खुर्ची, पांढऱ्या मिशा.

"मॅम," मिस्टर लोव्हेट म्हणाले, "पाणी पिणार?"

मला आयुष्यात कुणी मॅम म्हटलं नव्हतं. मी नुसती मान हलवली.

ते कॉर्व्हेलकडे वळले. "तेवीस फेकी. एकवीस झेल. दोन तिने सोडल्या."

"ऊन डोळ्यांवर होतं!" मी म्हटलं.

"टॅनरच्या झेलणाऱ्यांचे पाय वेगवान. त्याने चेंडू उशिरा सोडला तरी ते पोचतात. ही पोरगी, माफ करा मॅम, गोगलगाय आहे. पहिल्या पाच फेकींत ही ताजी होती, शेवटच्या पाचांत लंगडत होती. तू प्रत्येक वेळी तिचा वेग बघून वेळ बदललास. ती वळायच्या अर्धा सेकंद आधी चेंडू सुटत होता, तेवीसच्या तेवीस वेळा." त्यांनी हातातलं घड्याळ दाखवलं. "हे पायाचं काम नाही."

"येस, सर," कॉर्व्हेल म्हणाला.

"कुणी शिकवलं?"

"हीच सावकाश पळते, सर. दुसरा इलाजच नव्हता."

पॉपॉ तोवर कुंपणापाशी आले होते. "तुमच्या यादीत तो रिसीव्हर आहे," ते म्हणाले.

"यादी मी छापत नाही, सर. मी सव्वीस वर्षं गावोगाव गाडी चालवतोय आणि अहवाल लिहितोय. निळी टोपी पाहिलीत ना? त्याला हे काम मी शिकवलं. आता तो माझा साहेब आहे." ते हे अगदी सहज बोलले. "मी लिहीन. ते वाचतात की नाही, मला माहीत नाही."

एप्रिलच्या शेवटी निवड झाली. तीन दिवस, सात फेऱ्या, टीम्स आळीपाळीने एकेक मुलगा उचलतात. पहिले दोन दिवस आम्हाला कुणाची अपेक्षाच नव्हती. शनिवारी मात्र घर भरलं. आईने गंबोचं, म्हणजे आमच्याकडच्या दाट रश्शाचं, मोठं पातेलं चढवलं होतं आणि मी दिवाणखान्यातून स्वयंपाकघरात, तिथून ओसरीवर, ओसरीवरून परत अशा इतक्या फेऱ्या मारल्या की आई म्हणाली, "तुझ्या पायाला पातेलं बांधते, आपोआप ढवळलं जाईल."

टॅनर पाचव्या फेरीत गेला. कॉर्व्हेलने त्याला अभिनंदनाचा फोन केला.

सातव्या फेरीत कॉर्व्हेलचा फोन वाजला. त्याने स्पीकर लावला. कुणीतरी अनोळखी, घाईत. "रॉबिचो? आमची पाळी चार मिनिटांत आहे. तुला घेतोय. आख्ख्या देशाला तुझं नाव दिसेल, पोरा!"

आईने चमचा पातेल्यात टाकला. मी दोन्ही हातांनी तोंड दाबलं. खरंच दाबलं.

"थँक यू, सर," कॉर्व्हेल म्हणाला. त्याने पॉपॉंकडे पाहिलं. "एक विचारू? शिबिरात मी कुठल्या खोलीत बसणार?"

"म्हणजे?"

"बैठकीला, सर. कुठली खोली?"

"रिसीव्हरची, अर्थात. असे पाय..."

"मग नको, सर. तुमच्या वेळेबद्दल आभार."

त्याने फोन ठेवला. पॉपॉ खिडकीबाहेर बघत होते आणि त्यांचा जबडा हलत होता. टीव्हीच्या पडद्यावर त्या टीमने दुसऱ्याच कुणाला घेतलं. मग फेरी संपली. निवेदकांनी टाय सैल केले. काकवा, मावश्या गंबो न खाताच पर्स शोधायला लागल्या. मी न्हाणीघरात गेले, फोन उघडला, तो व्हिडिओ काढून टाकायला अंगठा टेकवला.

तेवढ्यात बाहेर पुन्हा फोन वाजला. मी धडपडत आले.

"लोव्हेट बोलतोय. तुला कुणी निवडलेलं नाही, म्हणजे आता तू कुठेही जाऊ शकतोस. शिबिराला ये. पैसे कमी आहेत, आश्वासन काहीच नाही."

"कुठली खोली, सर?"

"क्वार्टरबॅकची." कागद चाळल्याचा आवाज. "चौथी खुर्ची. दाराजवळची, वारा येतो तिथे. साहेबाशी पाच आठवडे भांडून मला तेवढीच मिळाली. तीन जण तुझ्या पुढे आहेत. ऑगस्टमध्ये तुला घरी पाठवलं तर मला आश्चर्य वाटणार नाही."

"येस, सर," कॉर्व्हेल म्हणाला. "येतो, सर."

"आणि त्या मॅमची करंगळी कशी आहे?"

"वाकडी!" मी ओरडले.

पॉपॉ उठले. काठी न घेता. त्यांनी कॉर्व्हेलचं डोकं दोन्ही हातांत धरलं आणि बराच वेळ सोडलंच नाही.

ऊन उतरायच्या आत कॉर्व्हेल मला म्हणाला, "चिंगळी, चल बांधावर. घड्याळ घे."

"पण पळायचं नाही ना?"

"चाचणीत पळायचं नव्हतं. मला पळायला आवडतं, वेडे. किती महिने झाले."

"मी तो व्हिडिओ काढून टाकणार होते."

"राहू दे की. तो पळणारा मीच आहे."

खडीच्या रस्त्यावर त्याने बूट काढले. लांब एक मालवाहू बोट जात होती. त्याने बोटं जमिनीला टेकवली, मी हात वर केला आणि खाली आणला, आणि तो माझ्या अंगावरून असा गेला की माझा फाटून शिवलेला स्कर्ट उडाला. मी घड्याळ दाबलं. आकडा पाहिला. पुन्हा पाहिला.

तो धापा टाकत परत आला. "किती?"

मी त्याच्या कानात सांगितलं. तो इतका हसला की गवतात आडवा झाला.

तुम्हाला मात्र सांगणार नाही.